दसऱ्याचं रिव्हॉल्व्हर

माहीम, जि. पालघर
१२ जानेवारी २०२५

प्रिय हिमानी,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर. काकांच्या तेराव्याला तू आलीस, उभ्याउभ्या चहा प्यायलीस आणि पुण्याला पळालीस. आत्याशी धड चार शब्द बोलली नाहीस. अर्थात बोलली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं. माझे दोन्ही कान आता नावापुरते उरलेत, फोन तर मी हातातसुद्धा घेत नाही. चौथीच्या पोरांना आयुष्यभर पत्रलेखन शिकवलं, त्याचा उपयोग आता करते आहे.

कामाचं लिहिते. काकांचं रिव्हॉल्व्हर तुला आठवत असेलच. त्यांच्या आजोबांनी तारापूरच्या एका पारशी बागाईतदाराकडून ते रीतसर विकत घेतलं होतं. परवाना आधी आजोबांच्या नावावर, मग मामंजींच्या, मग ह्यांच्या. घरात त्याचा उपयोग एकच, दसऱ्याची पूजा. ह्यांनी जन्मात ते कधी झाडलं नाही. वाडीत वानरं शिरली तरी हे फटाके लावायचे आणि फटाका वाजला की स्वतःच आधी दचकायचे.

आता हे नाहीत. मला ते घरात नको आहे. तू त्या लिलाववाल्यांकडे जुन्या हत्यारांच्याच किमती काढतेस ना? मग घरच्या हत्याराची काढ. सोबत फोटो पाठवते. मेघालीने तिच्या फोनवर काढले आणि पालघरला जाऊन छापून आणले. सून गुणी आहे, सगळ्या बाजूंनी काढलेत, उघडूनसुद्धा.

दर्पणला, माझ्याच मुलाला, हे अजून सांगितलेलं नाही. तेव्हा त्याच्याशी बोलू नकोस. मेघालीलाही फोन करू नकोस, तिचा फोन घरात कुणीही उचलतं.

किंमत जरा बरी निघेल असं बघ. शेवंतीची चार रोपं तुझ्यासाठी ठेवलीत, पण ती टपालाने येणार नाहीत, त्यासाठी तुलाच यावं लागेल.

तुझी मंदाआत्या

•

पुणे
२४ जानेवारी २०२५

मंदाआत्या,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. इथे कुणाला आता हाताने लिहिलेलं काही येतच नाही. तुझं अक्षर बघून आमच्या साहेबांनी विचारलं, बाई शिक्षिका होत्या का? मी म्हटलं, अजूनही आहेत, विद्यार्थी तेवढे पळून गेले.

आता तुझ्या रिव्हॉल्व्हरचं. लोकांना वाटतं वस्तू जेवढी जुनी तेवढी महाग. तसं नसतं. जुन्या हत्याराची किंमत ठरते ती त्याला किती कमी हात लागलेत त्यावर. पोलादाचा मूळचा निळसर काळा रंग किती उरलाय, नळीवर, चौकटीवर आणि फिरत्या सिलिंडरवर एकच क्रमांक आहे का, मूठ मूळची की बदललेली, आणि ते उघडमिट घट्ट करतं का. तुमचं इंग्लंडचं आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचं, वरून मोडून उघडणारं. तिन्ही क्रमांक जुळतात. मूठ मूळची. मी खुर्चीतून उठलेच होते.

मग सिलिंडरचा फोटो पाहिला आणि खाली बसले. गोळ्या भरायची सहा घरं असतात त्यात. ती तांबड्या खपलीने भरलेली. साहेबांनी भिंग लावलं आणि म्हणाले, ही गंजाची कुठली जात? मला एकदम काका आठवले. पाटावर बसून, ओल्या कुंकवात अक्षता कालवून, एकेका घरात चिमूट चिमूट भरणारे. पूजेतली वस्तू रिकामी ठेवायची नाही, म्हणायचे. पुढच्या दसऱ्याला नारळाच्या हिराने टोकरून जुनं काढायचं आणि नवं भरायचं. आजोबांपासून हे चाललंय. ओलं कुंकू, खोबरेल तेल आणि समुद्रावरचा खारा वारा. आत्या, तुमच्या घराण्याने ते रिव्हॉल्व्हर भक्तिभावाने खाऊन टाकलंय.

घरांच्या भिंती आतून खड्डे पडून पातळ झाल्यात. हे मी नीट लिहिते, कारण हे किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे. यात गोळी घालून कुणी झाडली तर सिलिंडर फुटणार. पहिल्याच गोळीला फुटेल की चौथ्या, ते सांगता येत नाही. पण फुटेल तेव्हा धरणाऱ्याचा हात जाईल, आणि तोंडासमोर असेल तर डोळेही. म्हणून ते कुणीही हाताळू नये.

एक गंमत सांगते. सहापैकी एक घर मात्र स्वच्छ आहे. खपली नाही, अक्षता नाहीत, नुसती काळी काजळी. शेवटच्या दसऱ्याला काकांचा हात पाचव्याच घराला थकला असणार.

स्थिती चांगली असती तर सात-आठ लाख सहज म्हटले असते. आहे तसं, पंचेचाळीस हजार. तेही कायमचं निकामी करून, शोभेची वस्तू म्हणून. वाईट वाटून घेऊ नकोस. आणि काका गेल्यावर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायला हवं होतं, ते केलंत ना? नसेल तर लगेच कर.

शेवंती न्यायला मी येणार आहे, नक्की.

हिमानी

•

माहीम
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय हिमानी,

पत्र मिळालं. पंचेचाळीस हजार हा आकडा वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. आकडा तोच.

तुला एक काम सांगते, ते कर. मला दुसरं पत्र हवं आहे, तुमच्या कंपनीच्या छापील कागदावर, सहीशिक्क्याचं. त्यात आकडा चांगला मोठा लिही. गंज, खड्डे वगैरे काही लिहू नकोस. दर्पण म्हणतो विकायचं नाही, माझ्या नावावर करून घेतो. मोठा आकडा पाहिला तर तो विकायला तयार होईल. खरे पैसे किती येतील ते मी नंतर निभावून नेईन.

तू विचारशील, एवढी घाई कशाला. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं करायचं आहे आणि दर्पणच्या बोईसरच्या कंपनीत सध्या कामगार कपात चालली आहे. तो सुपरवायझर असला तरी धास्ती आहेच.

आणि एक. तू ह्यांच्यावर आळ घेऊ नकोस. ह्यांचा हात मुळीच थकला नव्हता. दसऱ्याला मी समोर बसले होते, सहाही घरं व्यवस्थित भरली आणि वर सोन्याचं पान ठेवलं.

मेघाली माकुणसारला माहेरी गेली आहे. तिच्या आईला बरं नाही. घर अगदी सुनं वाटतं.

पत्र लवकर पाठव.

मंदाआत्या

•

पुणे
१५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. रागावले आहे, ते स्पष्टच लिहिते.

तू मला खोटा दाखला मागतेस. आमच्या धंद्यात आमच्या सहीखेरीज आमच्याजवळ काही नसतं. मागच्या वर्षी आमच्याच एका माणसाने ओळखीच्या घराण्याची तलवार अशीच चढवून लिहिली. त्याला आता कुणी दारात उभं करत नाही. लहानपणी मी पाढे लिहिताना तुझ्या वहीतून उतरवले तेव्हा तू मला अंगणात उभं केलं होतंस. ती बाई हीच का, असा मला प्रश्न पडला.

मोतीबिंदूचा खर्च मी करते. मनापासून सांगते, तारीख घे आणि कळव. त्यासाठी पोटच्या मुलाला फसवायची काय गरज? दर्पणला माझं पहिलं पत्र दाखव. ते फुटेल हे वाचल्यावर तो स्वतःच ठाण्यात नेऊन देईल. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

मेघालीच्या आईला आराम पडो.

हिमानी

•

माहीम
१२ मार्च २०२५

हिमानी,

महिनाभर तुला लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि उठायची. आज सगळं लिहून टाकते.

मोतीबिंदू वगैरे काही नाही. मेघालीची आई ठणठणीत आहे.

दर्पण मेघालीला मारतो. लग्नाला दुसरं वर्ष लागलं तेव्हापासून. तो दारू पीत नाही. पीत असता तर दारूवर ढकलता आलं असतं. आमटीत मीठ जास्त झालं, तिने फोन उशिरा उचलला, शेजारच्या प्रणवशी बांधावर दोन शब्द बोलली, एवढं पुरतं. हे होते तोवर वडिलांचा धाक होता. हे खोकले तरी तो आवाज खाली करायचा. हे गेले आणि त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर कपाटाची किल्ली घेतली.

बोईसरला कुणीतरी हाताने भरून गोळ्या देतो, तिथून तो गोळ्या घेऊन आला. डिसेंबरात मेघाली पालघरच्या बाजाराहून उशिरा आली, रिक्षा मिळाली नव्हती. त्याने तिला विहिरीजवळच्या माडाला टेकवून उभी केली आणि तिच्या डोक्यावर वीतभर अंतर ठेवून गोळी झाडली. मला, हिमानी, मला तो आवाज ऐकू आला. मी मागच्या दारात आले तर ती खाली बसलेली आणि हा तिला म्हणतोय, त्याच्या ओठांवरून मी वाचलं, "अजून पाच घरा हायेत." दुसऱ्या दिवशी वाडीत कामाला येणारी राहीबाई म्हणाली, "बाय, या माडाला काय झाला हाय? पानी गळते." मी म्हटलं, सुतारपक्ष्याने केलं असेल. राहीबाईने त्या भोकात बोट घालून पाहिलं आणि पाला गोळा करायला वळली.

तू ज्याची गंमत केलीस ते घर हेच.

तो आंघोळीला गेला तेवढ्या वेळात त्याच्या खिशातली किल्ली काढून मेघालीने फोटो काढले. छापून आणले त्याच आठवड्यात त्याला काहीतरी संशय आला आणि तिचे दोन दात गेले. मग मी तिला माकुणसारला पाठवली, आई आजारी असल्याचा निरोप आलाय असं सांगून.

आता तू म्हणशील पोलिसांत जा. मी दोनदा चप्पल घातली. एकदा रिक्षात बसलेसुद्धा आणि शाळेजवळ उतरून चालत परत आले. माझा मुलगा आहे. तो गजांआड बसलाय हे डोळ्यांसमोर आलं की माझे पाय वळतात. याची मला लाज वाटते, आणि लाज वाटूनही पाय वळतातच. मेघालीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तुमी नका जाव. सुटून आला का मना मारूनच टाकील."

तुझं पहिलं पत्र त्याला दाखव म्हणतेस. पंचेचाळीस हजारांसाठी तो ते सोडणार नाही. कवडीमोलाची वस्तू म्हणेल आणि उशाशी ठेवेल. लाखांचा आकडा दिसला तरच तो ते घराबाहेर नेईल. पाडव्यानंतर मेघालीला आणायला जाणार आहे, असं परवा जेवताना सांगितलं. ती यायच्या आत ते घरातून गेलं पाहिजे. मला दुसरं काही नको.

तुझी
मंदाआत्या

•

पुणे
१८ मार्च २०२५

आत्या,

मी ते घर भिंगातून पाहिलं होतं. आत काजळी होती. बारुदाची काजळी ओळखायचा मला पगार मिळतो. आणि मी त्यावर विनोद केला. तू पुढच्याच पत्रात लिहिलंस की काकांनी सहाही घरं भरली होती, तेही वाचलं, आणि मी तुला सचोटी शिकवत बसले. मला माफ कर म्हणायचंसुद्धा धाडस होत नाही.

सोबत कागद आहे. कंपनीचाच, माझ्या सहीचा. साहेबांना विचारलेलं नाही. "सर्व भाग मूळचे, क्रमांक जुळणारे, चालू स्थितीत. अंदाजे किंमत नऊ लाख रुपये." घरांची ओळ मी काढून टाकली.

आता नीट वाच. ठाणे शहरातले एकनाथ म्हणून आमचे परवानाधारक दुकानदार आहेत. ते पाच एप्रिलला सगळी कागदपत्रं घेऊन तुमच्याकडे येतील, दर्पणची सही घेतील आणि ते ताब्यात घेऊन जातील. पोलिसांकडचं तेच सांभाळतील. एकदा ते ठाण्याला पोचलं की मग पैशाचं काय सांगायचं ते मी बघेन. दर्पण माझ्या अंगावर आला तरी चालेल, मी पुण्यात आहे.

तोपर्यंत ते कुणीही झाडता कामा नये. एकदा वाचलं म्हणून दुसऱ्यांदा वाचेल असं नाही, आणि हाताने भरलेल्या गोळीत बारूद किती असेल याचा काही नेम नाही. दर्पणला सरळ सांगता येत नसेल तर असं सांग, की गोळी झाडली तर किंमत निम्मी होते. त्याला ते लगेच पटेल. विसरू नकोस.

मेघालीला मी पुण्याला घेऊन येते. माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे. तिला सांग, पाडव्याला माकुणसारहून हलायचं नाही, कुणी न्यायला आलं तरी.

हिमानी

•

पुणे
८ एप्रिल २०२५

आत्या,

एकनाथकाका शनिवारी माहीमला येऊन परत गेले. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळे बोईसरच्या हॉस्पिटलात आहेत. काल मेघालीचा फोन आला. ती धड बोलत नव्हती. एवढंच कळलं की फुटलं.

मी ती ओळ काढली, आत्या. ती ओळ त्या कागदावर असती तर त्याने चापाला बोट लावलं नसतं. दर्पण कसाही असो, मी त्याला लहानपणी ओंडक्यावरून खाडी ओलांडायला शिकवलंय. त्याचा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या टेबलाच्या किल्ल्या मागून घेतल्या. आता मी पालघरला येऊन पोलिसांना सांगणार आहे, की खोटा दाखला माझा. तुझं नाव घेणार नाही.

मला फक्त एकच सांग. झाडायचं नाही, किंमत निम्मी होते, हे तू त्याला सांगितलं होतंस ना? सांगूनही त्याने ऐकलं नाही, असंच झालं ना?

हिमानी

•

माहीम
२६ एप्रिल २०२५

प्रिय हिमानी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आता सविस्तर लिहिते, म्हणजे तुझ्या डोक्यावर जे माझं आहे ते उतरेल.

तुझा कागद मी त्याच्या हातात दिला तेव्हा तो दोनदा वाचून हसला. मला जवळ घेतलं. लहानपणी शाळेतून बक्षीस आणलं की घ्यायचा तसं. म्हणाला, "आई, तू तर कमालच केली." मला वाटलं झालं, आता पाच तारखेपर्यंत कळ काढायची. किंमत निम्मी होते हेही त्याला त्याच दिवशी सांगणार होते. त्याच्या तोंडावर एवढा आनंद होता की म्हटलं उद्या सांगू.

पण एकनाथरावांची वाट बघायला तो थांबलाच नाही. म्हणाला, "तो दुकानदार कागद करील, टॅक्स कापील. बोईसरला रोख देनारे हायेत." आणि पुढे म्हणाला की त्यातले थोडे बाजूला काढून एक नवं घेतो, छोटं, खिशात मावणारं. या असल्या जुन्याने नेम चुकतो. हे तो जेवताना बोलत होता, हिमानी. मी त्याला भात वाढत होते.

मग मी त्याला काही सांगितलं नाही.

दोन एप्रिलला बोईसरहून दोघं जण आले. हिंदी बोलणारे, पायात चकचकीत बूट. सकाळीच दर्पण मला म्हणाला होता की हे काम उरकलं की संध्याकाळी गाडी घेऊन माकुणसारला जातो, मेघालीला आणतो, लय दिवस झाले. ते दोघं वाडीत विहिरीकडे गेले. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. तिथून सगळं दिसतं. एकाने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं. राहीबाई तिथे पाला गोळा करत होती, तिने मला नंतर सांगितलं, तो म्हणत होता, "पहले चला के दिखाओ, भाईसाब." घरं दर्पणने आदल्या रात्रीच हिराने टोकरून ठेवली होती, त्यात त्याने खिशातून गोळ्या काढून भरल्या. मी सूप खाली ठेवलं.

माझ्याजवळ वेळ होता. हाक मारली असती तर त्याने मागे बघितलं असतं. मी उठून अनवाणी चार पावलं गेले असते तरी तो थांबला असता, मला वाडीत चप्पल न घालता यायची सवय नाही हे त्याला माहीत आहे. तुझं पहिलं पत्र माझ्या फडताळात होतं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. हसला आणि दोन्ही हातांनी खूण केली, आई, कान झाक. लहानपणी दिवाळीत मी त्याला अशीच खूण करायचे.

मी कान झाकले.

उजवा हात मनगटापासून काढावा लागला. उजवा डोळा गेला. ते दोघं कधी पळाले कुणाला कळलं नाही. राहीबाईने आपलं लुगडं फाडून त्याचा हात बांधला, म्हणून तो जगला. मी ओटीवरून उठले तेव्हा त्याचं रक्त विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेलं होतं. मी धावले. आई धावते तशीच धावले. त्यात काही खोटं नव्हतं, एवढं मात्र तू मान.

पोलीस येऊन गेले. विनापरवाना हत्यार बाळगल्याची केस त्याच्यावर झाली आहे, ती चालेल तशी चालेल. तुझा कागद त्यांनी नेला. तुझं पहिलं पत्रही मी स्वतः काढून त्यांच्यासमोर ठेवलं. साहेब तरुण होता. वाचून झाल्यावर त्याने मला मोठ्याने, ओठ उघडून विचारलं, "आजी, हे मुलाला दाखवायचं राहून गेलं का?" मी काही बोलण्याआधी तो स्वतःच म्हणाला, वय झालं की होतं असं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी त्याला दुरुस्त केलं नाही. तू खोटा दाखला दिलास ते तू येऊन सांगणार असशील तर सांग, मी अडवणार नाही. पण ओळ तू काढलीस म्हणून हे झालं, असं आयुष्यभर घोकत बसू नकोस. ती ओळ ज्याच्यापर्यंत पोचायला हवी होती त्याच्या आणि तिच्यामध्ये मी बसले होते.

मला पश्चात्ताप होतो का, हे तू विचारणार नाहीस, पण मी सांगते. त्याच्या हाताचं ड्रेसिंग बदलताना होतो. मेघालीची आठवण आली की होत नाही. दोन्ही एकाच दिवसात होतं आणि मी त्यातलं एकही नाकारू शकत नाही.

त्याला घरी आणून आठवडा झाला. परवा मेघाली आली. भात, आमटी आणि सुक्या जवळ्याची चटणी असा डबा घेऊन, डोक्यावर पदर. माहेरच्यांनी समजावून पाठवली होती, की आता तो काय करणार, एका हाताचा माणूस, तुझं कर्तव्य आहे. मी फाटकातच तिला गाठली. डबा घेतला आणि म्हटलं, तू आत यायचं नाही. आज तू एकदा आत येऊन त्याला घास भरवलास की उद्या तुला जाता येणार नाही, आणि त्याचा डावा हात शाबूत आहे. ती रडायला लागली. म्हणाली, "आई, तुमी एकट्या कशा करनार?" मी तिला रिक्षात बसवून दिली आणि रिक्षा वळेपर्यंत फाटक धरून उभी राहिले. तू लवकर येऊन तिला घेऊन जा. इथे येऊ नकोस, सरळ माकुणसारला जा. आणि पुढे कधी मी तिला बोलावून घेतलं, आजारी असल्याचं कळवलं, काहीही लिहिलं, तरी पाठवू नकोस. मी त्याची आई आहे, माझा भरवसा धरू नकोस.

डाव्या हाताने जेवायला त्याला अजून जमत नाही. चमचा दिला तर भिरकावतो. म्हणून मी भात मऊ कालवून त्याला भरवते. तो रोज विचारतो, मेघाली कधी येनार. मी म्हणते येईल, आणि पुढचा घास करते.

तुझी
मंदाआत्या